पुण्यश्लोक अहिल्यामातुश्री आणि जीर्णोद्धाराचा धर्म

आज एका थोर मातेचे चरित्र आपणापुढे मांडतो. ही माउली कीर्तनकार नव्हती, अभंगकर्तीही नव्हती. ती राज्य करणारी बाई होती. परंतु पंढरीस गेलेला वारकरी चंद्रभागेचे स्नान करून देवळाकडे वळतो, तेव्हा तिच्या नावाचा होळकरवाडा त्याच्या वाटेत उभा असतो. त्या वाड्यात रामरायाचे मंदिर आहे. कित्येक जण हात जोडून पुढे जातात. पण ज्या हातांनी हे उभे केले त्या हातांची आठवण फार थोड्यांस होते.

हे चरित्र आताच सांगण्याचे कारण असे. वरवट बकाल, संग्रामपूर, जळगाव जामोद या आपल्या बाजूच्या गावांतून वारीहून परतलेली मंडळी पारावर बसली म्हणजे एक विषय हमखास निघतो. गावचे देऊळ जुने झाले, पावसाळ्यात गळते, भिंतीचे पोपडे निघाले. मग कोणी म्हणतो, पाडून टाका अन् स्लॅबचे नवे बांधा. दुसरा म्हणतो, वरून तेलाचा रंग मारा अन् आतून गुळगुळीत फरशी बसवा. देवावरील प्रेमानेच दोघेही बोलतात, यात शंका नाही. पण बाप्पा, प्रेम असले म्हणून औषध बरोबरच असते असे नाही. जुन्या वास्तूची सेवा कशी करावी, हे ज्या माउलीने हिंदुस्थानभर करून दाखविले तिलाच आपण विचारू या.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. त्या जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर असे नाव मिळाले. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घर धनगराचे, श्रीमंती बेताची. तरी बापाने लेकीस लिहा-वाचावयास शिकविले. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. सांगतात की, पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर त्या वाटेने जात असता चौंडीच्या देवळात ही चिमुरडी त्यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तिला सून करून घेतले. १७३३ साली खंडेरावांशी लग्न झाले. पुढे मालेराव हा मुलगा आणि मुक्ताबाई ही मुलगी अशी दोन लेकरे पदरी आली.

मल्हारराव स्वारीवरचे मनुष्य. वर्षातले कितीतरी महिने घोड्यावर. त्यांनी सुनेची बुद्धी ओळखली आणि घरचा, मुलखाचा हिशेब तिच्यावर सोपविला. वसूल, पत्रव्यवहार, तोफा-दारूगोळ्याची तजवीज, सारे ती पाहू लागली. सासूबाई गौतमाबाई यांचाही तिच्यावर लोभ होता. दिवस असे बरे चालले असता १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जावयास निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्याने डोळ्यांत पाणी आणून तिला थांबविले. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, या भावनेने थांबविले. ती थांबली. ती थांबली म्हणून पुढे काशीपासून रामेश्वरापर्यंत कितीतरी देवांच्या डोक्यावर छप्पर आले, हे आपण विसरू नये.

१७६१ साली गौतमाबाई गेल्या. १७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव गेले. गादीवर नातू मालेराव बसला, पण वर्षही पुरते झाले नाही तोच १७६७ साली तोही गेला. पती, सासू, सासरा, पुत्र असे एकेक करून सारे छत्र उडाले. बाई एकटी राहिली, तेव्हा राघोबादादा फौज घेऊन होळकरांची दौलत घेण्यास आले. बाई डगमगली नाही. लढण्याची तयारी ठेवली, शेजारच्या सरदारांस पत्रे पाठविली. अखेर दादांस माघार घ्यावी लागली आणि माधवराव पेशव्यांनी तिचा अधिकार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे दिले, कारभार स्वतःकडे ठेवला आणि नर्मदाकाठी महेश्वर येथे राजधानी केली.

महेश्वरास जे गेले असतील त्यांनी पाहिले असेल. किल्ला भक्कम, घाट रुंद, मंदिरे कोरीव; पण बाईंचा राहता वाडा साधा, लाकडी खांबांचा, आपल्याकडील एखाद्या देशमुखाच्या वाड्यासारखा. स्वतःसाठी साधे आणि देवासाठी, वाटसरूसाठी टिकाऊ, हा तिचा हिशेब.

आणि पैसा कोणाचा? येथे नीट लक्ष द्यावे. होळकरांच्या घरात राज्याचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी असे. खासगी म्हणजे घरातील बाईच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या गावांचे उत्पन्न. ते गौतमाबाईंनंतर अहिल्याबाईंकडे आले. धर्मकार्याचा खर्च बाईंनी मुख्यत्वे या खासगीतून केला. रयतेच्या पोटाला चिमटा घेऊन देवाचा कळस चढविला नाही. आज वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन फिरणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट गाठीस बांधावी.

आता तिच्या कामाकडे वळू. १६६९ साली काशीचे विश्वनाथमंदिर पाडले गेले होते. मल्हाररावांच्या मनात ते पुन्हा उभारावयाचे होते, पण त्यांच्या हातून झाले नाही. सुनेने सासऱ्याची इच्छा धरून ठेवली आणि १७८० साली जुन्या जागेशेजारी नवे मंदिर उभे राहिले. आज काशीयात्रेला गेलेला माणूस ज्या गाभाऱ्यात बेल वाहतो तो बाईंचा. त्याच्या शिखरावरचे सोने मागाहून पंजाबचे महाराज रणजितसिंह यांनी दिले.

सोरटी सोमनाथाचे जुने देऊळ भग्न होऊन पडले होते. बाईंनी १७८३ च्या सुमारास त्या अवशेषांजवळच वेगळे मंदिर बांधविले आणि पुन्हा संकट आले तर देव सुरक्षित राहावा म्हणून लिंगाची स्थापना खालच्या तळघरात करविली. समुद्रकाठचे मोठे मंदिर पुढे स्वातंत्र्यानंतर उभे राहिले; ११ मे १९५१ रोजी त्यात प्रतिष्ठा झाली. मधली पावणेदोनशे वर्षे सोमनाथाची पूजा चालती ठेवली ती बाईंच्या त्या लहान देवळाने. भांडण मिटेपर्यंत, काळ अनुकूल होईपर्यंत देव उपाशी ठेवावयाचा नाही. जेवढी जागा मिळेल तेवढ्या जागेत दिवा लावावयाचा, ही तिची रीत. गयेस विष्णुपदाचे काळसर दगडाचे भव्य मंदिर १७८७ साली तिनेच पुरे करविले. तेथे आपण पितरांना पिंड देतो.

पण वारकऱ्यांस अधिक जवळचे उदाहरण औंढा नागनाथाचे. नामदेवरायांस विसोबा खेचर भेटले ते हे स्थान. नामदेवांस कीर्तनासाठी मागे जावयास लावले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले, म्हणून तेथे नंदी मंदिराच्या पाठीमागे आहे, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. औंढ्यास गेल्यावर देवळाकडे जरा दूर उभे राहून पाहावे. खालचा सारा भाग काळ्या दगडाचा, यादवांच्या काळचा, इंच इंच कोरलेला. वरचा भाग मात्र निराळा, विटा-चुन्याचा, पांढरा. वरचे बांधकाम पडले होते. बाईंनी जीर्णोद्धार केला असे तेथे सांगतात. आता विचार करा. खालचा फुटका-तुटका भाग काढून सारेच नवे करणे बाईंस अशक्य नव्हते. पण जे उभे होते ते उभे ठेवले. जे पडले होते तेवढेच, त्या काळच्या कारागिरास जसे येत होते तसे, वर चढविले. म्हणून आज एकाच देवळात दोन काळ दिसतात, आणि नामदेवरायांच्या डोळ्यांनी पाहिलेला दगड आपल्यालाही पाहावयास मिळतो. जीर्णोद्धार जीर्णोद्धार म्हणतात तो हा. परळीच्या वैजनाथाचा आणि वेरूळच्या घृष्णेश्वराचा उद्धारही होळकरांच्याच घरच्या पुण्याईने झाला.

हे सारे बांधले कोणी? बाईंनी आज्ञा केली, पैसा दिला. पण हात कोणाचे? पाथरवटाचे, गवंड्याचे, बेलदाराचे, वडाराचे, सुताराचे, चुना भाजणाऱ्या लोणाऱ्याचे. अठरापगड जातींचे हात लागल्यावाचून देवाचे घर उभे राहत नाही. पंढरीच्या वाळवंटात जशी सारी जात एक होते, तशी देवळाच्या भिंतीतही होते.

त्या काळचे चुन्याचे काम कसे असे, ते थोडे सांगतो. कारण जाणती माणसे आता थोडी उरली. चुनखडी भट्टीत भाजावयाची. ती कळी पाण्यात विरवून पुष्कळ दिवस भिजत ठेवावयाची. जितकी मुरेल तितकी चांगली. मग वाळू किंवा विटांची बारीक भुकटी, जिला सुरखी म्हणतात, ती मिसळून बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली दळावयाची. त्यात ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचे पाणी असे काही घालीत. असा चुना लगेच कडक होत नाही. तो हवेतून आपले बळ घेतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू दगडासारखा बनतो. सुरखीचा चुना ओलाव्यातही धरतो, म्हणून घाट, कुंड, बारव यांना तो फार उपयोगी. नर्मदेचा पूर दरवर्षी महेश्वराच्या पायऱ्यांवरून जातो, तरी घाट उभे आहेत, त्यात या कामाचा वाटा मोठा.

सिमेंट वाईट असे माझे म्हणणे नाही. नवीन घराला, पुलाला ते योग्यच. पण जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा म्हणजे घाम येणाऱ्या माणसाला मेणकापड गुंडाळण्यासारखे आहे. चुन्याची भिंत जमिनीतील ओल वर ओढते आणि हवेत सोडून देते. वर सिमेंट वा तेलाचा रंग आला की ओल आत कोंडते आणि आतला दगड, आतली वीट कुजू लागते. आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर ही गोष्ट दुप्पट खरी. येथले पाणी खारे. ते भिंतीत चढले आणि वाळले की क्षाराचे खडे बनतात, फुगतात आणि दगडाचा पापुद्रा उडवितात. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. लोणा लागलेल्या भिंतीवर जाड गिलावा थापला तर रोग झाकला जातो, बरा होत नाही. त्यावर उपाय जुनेच आहेत. पावसाचे पाणी पायथ्याशी साचू देऊ नये. चर काढून दूर न्यावे. दर्जा चुन्यानेच भराव्या. कामास गोडे पाणी वापरावे. छतावर उगवलेले पिंपळ-वडाचे रोप लहान असतानाच मुळासकट काढावे. आणि काळ्या जमिनीचा स्वभाव ओळखावा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. म्हणून जुने लोक पाया मुरमापर्यंत नेत. देवळाशेजारी खोल खड्डा खणताना किंवा बोअर मारताना हे ध्यानात ठेवावे.

बाईंचे आणखी एक शहाणपण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तिने देवळे बांधून सोडून दिली नाहीत. ठिकठिकाणी पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती, अन्नछत्र यांसाठी नेमणुका करून दिल्या. जमिनी लावून दिल्या. दूरदूरच्या देवांना गंगेचे पाणी कावडीने पोहोचेल अशी व्यवस्था केली. बांधणे एकदाचे असते, सांभाळणे रोजचे असते. कळस चढविण्याच्या दिवशी हजार माणूस जमते. पण चौथ्या वर्षी गच्चीवरचा पालापाचोळा झाडावयास कोण येतो? देऊळ मोठ्या वादळाने पडते त्यापेक्षा तुंबलेल्या एका पन्हाळीने अधिक वेळा पडते.

आणि कारागिरांचे काय? महेश्वरास बाईंनी बाहेरगावचे विणकर आणून बसविले. घाटाच्या, किल्ल्याच्या दगडावरची नक्षी लुगड्याच्या काठावर उतरली. पुढे राज्य गेले तरी महेश्वरी लुगडे राहिले. कारण कारागिराला काम दिले म्हणजे विद्या जिवंत राहते. पाथरवटाच्या पोराला टाकीचे काम मिळाले नाही तर तो शहरात जाऊन दुसरे काही करील, त्यात त्याचा दोष नाही. पण उद्या आपल्या देवळाचा एक खांब तडकला तर तसा खांब घडविणारा कुठून आणावा?

बाईंचे शेवटचे दिवस मात्र फार दुःखात गेले. १७९० साली मुक्ताबाईंचा एकुलता एक मुलगा नथोबा गेला. दुसऱ्याच वर्षी जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जावयास निघाल्या. आईने पाया पडून विनविले, पण लेकीने ऐकले नाही. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे माळव्यात लोकांकडून ऐकून लिहून ठेवले आहे की, बाई त्या चितेपाशी उभ्या होत्या, त्यांना दोघांनी धरून ठेवावे लागले आणि मग तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. पूर्वी सासऱ्याच्या शब्दासाठी स्वतः चितेवरून परतलेली ती बाई. स्वतःच्या शब्दाने लेकीस परतवू शकली नाही. आता रक्ताचे कोणी उरले नव्हते. ज्याचे घर असे रिकामे झाले त्याने दुसऱ्याची घरे बांधीत राहावे, वाटसरूसाठी धर्मशाळा, तहानलेल्यासाठी बारव, देवासाठी मंदिर हे काम थांबू देऊ नये, यापेक्षा मोठा परमार्थ तो कोणता? १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी नर्मदेच्या काठी तिने देह ठेवला. वय सत्तर वर्षांचे. २०२५ साली तिच्या जन्मास तीनशे वर्षे झाली.

आता आपल्या पंढरीकडे येऊ. विठुरायाच्या मंदिरातही मधल्या काळात आपणच भक्तीने फरशा, संगमरवर, ग्रॅनाइट, रंग यांचे थर चढविले होते. २०२४ साली ७३ कोटी ८५ लाख रुपयांच्या आराखड्यातून मंदिराच्या जतनाचे काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली सुरू झाले. १५ मार्चपासून पदस्पर्श-दर्शन बंद ठेवावे लागले; ते २ जूनला पुन्हा उघडले. तेवढे दिवस वारकऱ्यांस फार जड गेले. पायावर डोके टेकल्यावाचून ज्यांचा जीव राहत नाही त्यांनी दुरून मुख पाहिले. पण थर निघाले तेव्हा खालचा मूळ काळा दगड दिसू लागला. मे महिन्याच्या अखेरीस कान्होपात्रेच्या स्थानाजवळ तळघर सापडले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. ज्या दगडावर संतांचे हात टेकले तो दगड आपल्याच फरशीखाली झाकला होता! आपण देवाला नवे लुगडे नेसवावे म्हणून गेलो आणि त्याचे अंग झाकून बसलो.

यातून आपल्या गावाने काय घ्यावे? प्रत्येक जुन्या देवळासाठी कोट्यवधी रुपये येणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. लोणारचे दैत्यसूदन, सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा हा आपल्या जिल्ह्याचा मोठा ठेवा आहे. त्याची काळजी सरकार घेईल. पण वेशीवरचे मारुतीचे देऊळ, जुनी बारव, दीपमाळ यांना आपल्यावाचून कोण आहे? पाडण्याचा ठराव करण्यापूर्वी एकदा जाणत्या गवंड्यास बोलवावे. पुरातत्त्व खात्याच्या यादीत वास्तू असेल तर त्यांना विचारल्यावाचून वीटही हलवू नये. गळती कुठून आहे ते आधी शोधावे. बहुधा ती सारे देऊळ पाडण्याइतकी मोठी नसते. भिंत खरोखरच जगणार नाही असे जाणत्याने सांगितले, तर मूळचे कोरीव दगड क्रम लावून जपून ठेवावे आणि नव्या कामात पुन्हा बसवावे. गर्दीला जागा पुरत नसेल तर सभामंडप शेजारी बांधावा. गाभारा मोडू नये.

जुनी माणसे सांगत आली की नवे देऊळ बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक. त्याचे कारण मला असे वाटते की, नव्या देवळावर आपले नाव लागते; जुन्याच्या दुरुस्तीत आपले नाव कुठे दिसत नाही. दर्जेत भरलेला चुना कोणी भरला हे कोण विचारतो? अहंकार गाळून केलेली सेवा ती हीच. वारकऱ्यास हे शिकवावे लागत नाही. हजारोंच्या दिंडीत आपण चालतो, तेथे आपले नाव कोण घेतो?

तेव्हा पुढच्या एकादशीस भजनाला देवळात जमाल, तेव्हा टाळ हाती घेण्यापूर्वी एक झाडू हाती घ्यावा. गच्चीवर चढावे, पन्हाळ मोकळी करावी, भिंतीतून डोकावणारे पिंपळाचे रोप उपटावे आणि मग मनोभावे अहिल्यामाईचे स्मरण करून विठ्ठलाचे नाव घ्यावे. पांडुरंग ती सेवा गोड मानून घेईल.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!